दस्तीखालचा आकडा

दोन्ही पत्रं एकाच बाजाराच्या दिवशी आली. आमच्या गावाला तेव्हा टपाल रोज येत नसे. ते जवळा बाजार ह्या मोठ्या गावी येऊन पडे आणि आठवडी बाजाराला गेलेलं कोणीतरी मीठ-मिरचीबरोबर ते उचलून आणी. त्या दिवशी माझे वडीलच गेले होते. आम्ही त्यांना आबा म्हणत असू. आबांनी दोन्ही पाकिटं पटक्याच्या घडीतून काढली, माझ्या पुढ्यात टाकली आणि म्हणाले, “बघ रे, काय म्हणून राहिले तुझे कालेजवाले.”

दोन्ही कॉलेजवाले मला घ्यायला तयार होते. दोन्हीकडे इंजिनिअरिंगची पदवी, दोन्हीकडे तितकीच वर्षं, तीच पुस्तकं, वसतिगृहात राहायची सोय, आणि अमुक दिवसाच्या आत हजर झाला नाहीत तर जागा दुसऱ्याला दिली जाईल अशी शेवटच्या ओळीतली तीच धमकी. एका पत्राच्या डोक्यावर घड्याळाच्या मनोऱ्याचं चित्र छापलेलं होतं, दुसऱ्याच्या डोक्यावर काही नव्हतं. मी तिथल्या तिथे मनोऱ्याच्या बाजूचा झालो. तेव्हा मी अठराएक वर्षांचा होतो आणि स्वतःला फार शहाणा समजत होतो.

त्या कॉलेजांची नावं मी सांगणार नाही. दोन्हीकडून शिकलेली म्हातारी माणसं अजून हयात आहेत आणि आपलंच कॉलेज थोर यावरून त्यांच्यात एकदा जुंपली की पानातलं जेवण थंड होतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. एकाला पूर्णेहून आगगाडीनं जायचं आणि दुसऱ्याला कनेरगाव नाका ओलांडून वाशिम-अकोल्याच्या वाटेनं, एवढं पुरे. हैदराबादचा प्रश्न नव्हता. तिथे माझे मामा राहत, आणि मामाकडे राहून शिकलेला पोरगा शेवटी मामाचाच होतो, असं आबांचं ठाम मत होतं. मायनं, म्हणजे माझ्या आईनं, त्यावर दोन दिवस अबोला धरला, पण आबा बधले नाहीत.

मला इंजिनिअर व्हायचं वेड कुठून लागलं, तर सडकेवरून. शाळेसाठी मी हिंगोलीला राहिलो. तिथे कनेरगाव नाक्याकडे जाणाऱ्या सडकेचं काम निघालं होतं आणि सरकारी ओव्हरसियर तिपाईवर दुर्बीण लावून, एक डोळा मिटून, लांबच्या काठीकडे बघत उभा असे. आमच्याकडे डोळा मिटून बघण्याचा अर्थ वेगळा होतो, म्हणून येणारीजाणारी माणसं हसायची. मी मात्र शाळा बुडवून त्याच्यामागे फिरलो. पत्रं आल्यावर मी हिंगोलीला जाऊन त्यालाच विचारलं, की दोन्हीतलं कोणतं चांगलं?

“दोनों बराबर हैं बाबा,” तो म्हणाला. “एक का पानी अच्छा है, दूसरे की दाल.”

“पानी किसका अच्छा है?”

“वो याद नहीं.”

गावात येऊन मी हे सांगितलं तेव्हा आबांना पटलं. ते म्हणाले, दोन बैल बाहेरून सारखे दिसत असले तरी एक नांगराला चालतो आणि एक दुपारी बसतो. हे बघितल्याशिवाय कळत नाही. तेव्हा आपण दोन्ही ठिकाणी जाऊन बघून येऊ.

माय चुलीपाशी होती. ती म्हणाली, “अवो, ते कालेज हाय. खोंड न्हाई.”

“पोरगं तर आपलं हाय न्हवं?” आबा म्हणाले. “ज्या दावणीला बांधायचं ती दावण बघू नये का?”

आणि मग त्यांनी ती अट घातली, जिच्यामुळे माझी झोप उडाली. “पसंत पडलं तर जा. दोन्ही पसंत पडले न्हाईत, तर रिकाम्या हातानं बाजारातून यायला काय लाज? मृगाला पेरणीसाठी मला माणूस लागतोच.”

हा विनोद नव्हता. आमची काळी जमीन बरी होती, कापूस आणि ज्वारी व्हायची, पण तिला दोन कर्ती माणसं लागत. दोघी बहिणी लग्न होऊन गेल्या होत्या, मुलगा मी एकटा. आबांची कंबर अधूनमधून धरायला लागली होती. मला इंटरपर्यंत औरंगाबादला शिकू दिलं हेच भाऊबंदांना जास्त वाटत होतं. म्हणजे मृगाच्या आत आबांना एखादं कॉलेज पसंत पडायला हवं, नाहीतर माझं इंजिनिअरपण बांधावरच संपणार. आणि आबांची पसंती म्हणजे काय प्रकार असतो, ते मला चांगलं ठाऊक होतं.

बैल पारखण्यात आबांचा हात धरणारा आसपास कोणी नव्हता. जवळा बाजारला बैल घ्यायचा तर लोक त्यांना बोलावून न्यायचे, दुपारचं जेवण घालायचे. आबा आधी बैलाकडे बघतच नसत. आधी विकणाऱ्याच्या गाडीचं जू बघत, कासरे बघत, कडबा कसला टाकलाय ते बघत. मग दात, खूर, वशिंड. मग चढावर चालवून बघायचं. आणि हे सगळं झालं की शेवटी दस्ती.

दस्ती म्हणजे खांद्यावरचा रुमाल. आमच्या बाजारात बैलाचा खरा भाव तोंडानं बोलत नसत. विकणारा आणि घेणारा समोरासमोर उभे राहत, दोघांच्या हातांवर दस्ती टाकत आणि तिच्याखाली बोटं दाबून आकडा सांगत. वर तोंडानं गर्दीसाठी वाटेल ते चालायचं. “असा बैल तालुक्यात न्हाई,” “अरे याला तर उभं राहता येईना,” सगळा तमाशा. पण दस्तीखाली खोटं बोलायचं नाही. तिथे बोटांनी जे सांगितलं ते खरं, आणि ते त्या दोघांतच राहायचं. दस्तीखाली फसवणाऱ्याशी पुढे कोणी सौदा करत नसे. आबांना लिहिता-वाचता बेताचंच येई, पण ह्या एका रिवाजावर त्यांचा कागदापेक्षा जास्त भरवसा होता.

पहिली फेरी मनोऱ्याच्या कॉलेजाची. मायनं दुधात मळलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली, फिरकीच्या तांब्यात पाणी भरलं, आणि पूर्णेला आम्ही गाडी धरली. वाटेत आबांनी डब्यातल्या प्रत्येकाला सांगितलं की पोराला कालेज बघायला चाललोय. एकानं विचारलं, “पोरीकडचे कोण?” आबा म्हणाले, “न्हाई, तसं बघणं न्हाई. ह्याच्यात आपणच पोरीकडचे.” सगळा डबा हसला आणि मी खिडकीबाहेर बघत बसलो.

मनोरा खराच होता. घड्याळही चालू होतं. समोर हिरवळ, हिरवळीच्या कडेनं कुंड्या, आणि दोन मुलं सायकली टेकवून इंग्रजीत बोलत उभी. मला वाटलं, आता आणखी काय बघायचं? आबा मात्र थेट स्वयंपाकघराकडे गेले. आचाऱ्याला विचारून डाळ चाखली, विहिरीत डोकावले, माळ्याशी तंबाखू खाल्ली. मग म्हणाले, “काम करणारी पोरं कुठं हायेत?” मी म्हटलं, आबा, आज रविवार आहे. ते म्हणाले, बरं. पण त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं, की बैलाला रविवार नसतो.

सुट्टी असूनही प्रिन्सिपलसाहेब बंगल्याच्या ओसरीवर पालकांना भेटत होते. गोरेपान, सोनेरी काड्यांचा चष्मा, आवाज मऊ. समोरच्या खुर्च्यांवर आणखी तिघं पालक बसले होते, त्यातले एक कोट-टोपीवाले वकील. साहेबांनी कॉलेजाची माहिती सांगितली, निकाल उत्तम असतो म्हणाले, आणखी काही शंका आहे का, असं अदबीनं विचारलं.

“येक इचारायचं व्हतं, सायेब,” आबा म्हणाले. ते उठले, टेबलाला वळसा घालून साहेबांच्या शेजारी गेले, खांद्यावरची दस्ती काढली, टेबलावर ठेवलेल्या साहेबांच्या हातावर अलगद पसरली आणि तिच्याखाली आपला हात घातला.

साहेबांनी विंचू चावल्यासारखा हात ओढला. दौत कलंडली. शाई टिपकागदावरून वाहत वकिलांच्या कागदांकडे निघाली. “अहो, हे काय करताय!” साहेब उभे राहिले. “इथे असलं काही चालत नाही! तुमच्या मुलाला जागा गुणांवर दिलेली आहे!”

वकील कागद वाचवत आमच्याकडे असे बघत होते, की आमचा जबाबच नोंदवून घेतील. माझे कान पेटले. आबा बिचारे आपल्या तळहाताकडे बघत होते, साहेबांना काही टोचलं की काय म्हणून. मी त्यांचा दंड धरला, काहीतरी पुटपुटत नमस्कार केला आणि त्यांना फाटकाबाहेर आणलं.

गाडीत बसल्यावर मी त्यांना समजावून सांगितलं, की साहेबांना वाटलं तुम्ही फडक्याखालून लाच देताय. आबा हसायला लागले ते डोळ्यांत पाणी येईतो हसले. “मंजे माणूस इमानदार हाय,” ते म्हणाले. “बेस झालं. पण मला उत्तर कुठं भेटलं?”

“आबा, उत्तर कशाचं? त्यांनी सांगितलं की निकाल उत्तम असतो.”

“ते तोंडानं सांगितलं. तोंडानं तर मी लंगडा बैल इकतो.”

मी त्यांना परोपरीनं विनवलं, की हेच कॉलेज ठरवून टाकू. त्यांनी एकच सांगितलं, की एक बैल बघून सौदा करणारा माणूस शेतकरी नव्हे. पण माझं तोंड बघून त्यांनी एक वचन दिलं. दुसऱ्या ठिकाणी दस्ती काढायची नाही. “मुक्यानं बसतो,” ते म्हणाले. “तुला तकलीफ होईल असं काई करत न्हाई.” ह्या वचनानं माझं समाधान व्हायला हवं होतं. झालंही, आठवडाभर.

दुसऱ्या फेरीला हिंगोलीहून मोटार धरली. कनेरगाव नाक्यावर निजामाच्या जकातीची चौकी होती, तिथे सगळ्यांना उतरवून गाठोडी उघडायला लावली. शिपायानं आमच्या दशम्या हुंगल्या आणि विचारलं, “कहाँ जाते?” आबांनी त्यालाही सगळी कथा सांगितली, शाईसकट. तो इतका हसला की मागच्या माणसाचं गाठोडं बघायचंच राहिलं. माझी फजिती अशी राज्याच्या हद्दीपर्यंत पोचली.

दुसरं कॉलेज मला पहिल्या नजरेतच आवडलं नाही. मनोरा नाही, हिरवळ नाही, पत्र्याची लांबलचक शेड आणि तिच्यातून हातोड्यांचा आवाज. सुट्टीतही काही मुलं शेडमध्ये काम करत होती. घामानं निथळत होती, हात काळे झालेले. आबांनी एकाचा हात आपल्या हातात घेतला, उलटा केला आणि मला दाखवला. “बघ. घट्टे हायेत.” तो मुलगा माझ्याकडे बघून हसला. मला त्याचा हात बघून मुळीच आनंद झाला नाही. घट्टेच पाडून घ्यायचे तर घरी काय कमी होतं?

इथले प्रिन्सिपल म्हातारे, किडकिडीत, मूळचे दक्षिणेकडचे. हिंदी कामापुरती, मराठी त्याहून कमी. त्यांच्या खोलीतही चार पालक बसलेले. त्यांनीही तेच सांगितलं: तीच वर्षं, तीच पुस्तकं, निकाल चांगला. बाकीच्या पालकांनी वसतिगृहातल्या दुधाबद्दल विचारलं. आबा गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. त्यांनी तोंड उघडलं नाही. फक्त दस्तीचं एक टोक बोटाला गुंडाळायचं, सोडायचं, परत गुंडाळायचं, एवढंच चाललं होतं.

मी त्यांच्याकडे बघत होतो आणि माझ्या हळूहळू ध्यानात आलं, की आबा वचन पाळतायत आणि त्यामुळे माझा घात होतोय. ह्यांना जे विचारायचंय ते विचारता आलं नाही, तर ह्यांना कुठलंच कॉलेज पसंत पडणार नाही. आम्ही हात जोडून बाहेर पडू, मोटारीत बसू, आणि मृगाला मी शेतात असेन. पण खरं सांगतो, मला त्याहून जास्त लागलं ते दुसरंच. अख्खा बाजार ज्या माणसाचा शब्द मानतो, तो माणूस माझी लाज राखण्यासाठी शाळकरी पोरासारखा मुकाट बसला होता. मला स्वतःचीच चीड आली.

मी उठलो. माझं इंग्रजी तेव्हा पुस्तकी आणि फुटकं होतं, पण होतं तेवढं सगळं गोळा केलं. म्हटलं, साहेब, माझे वडील बैल घेतात. आमच्या बाजारात महत्त्वाच्या गोष्टीचं उत्तर मोठ्यानं देत नाहीत, फडक्याखाली बोटं दाबून देतात. त्यांना तुम्हाला एकच प्रश्न विचारायचा आहे. त्यांच्या हातात हाताखेरीज काही नसेल. कृपा करून आपला हात द्या.

साहेबांनी आबांकडे बघितलं, आबांच्या हातांकडे बघितलं, आणि मग आपली बाही थोडी मागे सारून हात टेबलावर ठेवला. मी आधी दौत उचलून खिडकीत नेऊन ठेवली.

आबांनी माझ्याकडे बघितलं. वचनातून सुटका झाली का, हे त्यांना माझ्या तोंडून ऐकायचं होतं. मी म्हटलं, “इचारा आबा.” त्यांनी दस्ती पसरली, तिच्याखाली साहेबांचा हात धरला आणि म्हणाले, “त्यास्नी सांग, दहा पोरं आत घेतली तर किती पोरं न अडकता पार पडतात? येकबी साल न बुडवता. खरा आकडा पायजे.”

मी ते इंग्रजीत सांगितलं. साहेबांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. त्यांनी बाकीच्या पालकांकडे एक नजर टाकली, मग खाली बघितलं. ते चिडले असं मला वाटलं, पण ते मोजत होते. मग दस्ती हलली. आबा त्यांच्या डोळ्यांत बघत होते, तसेच बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. बैलाच्या भावाच्या वेळीही हलत नसे.

“बराबर,” आबा म्हणाले. दस्ती झटकली, खांद्यावर टाकली, साहेबांना दोन्ही हातांनी नमस्कार केला. “चल.”

फाटकाबाहेर येताच मी विचारलं, “किती म्हणाले?”

“दस्तीखालचा आकडा तिसऱ्याला सांगत न्हाईत.”

“आबा, मी तिसरा?”

“न्हाई. तू बैल हायस. बैलाला भाव कोण सांगतो?”

आणि मग चालता चालता, पिंपळाखालच्या उसाच्या रसवाल्याकडे बघत, त्यांनी माझं आयुष्य ठरवून टाकलं. “इथंच.”

मला आनंदानं उडी मारावीशी वाटली आणि लगेच मनोरा आठवून हळहळही वाटली. माणूस किती कोता असतो! घरी बसायची पाळी टळली होती, तरी मी परतीच्या मोटारीत घड्याळाच्या मनोऱ्याचे गुण सांगत बसलो. आबांनी नाक्यापर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, “येळ बघाया सूर्य हाय की,” आणि झोपी गेले.

घरी आल्यावर मायनं विचारलं, काय बघितलं? आबा म्हणाले, “माणूस बघितला.” तिनं मला कोपऱ्यात घेऊन तोच प्रश्न विचारला. तिला सविस्तर पाहिजे होतं. दाल कशी, पाणी कसं, अंथरूण कसं. मी सांगितलं की पाण्याचं ठाऊक नाही, पण दाल चांगली नव्हती. म्हणजे पाणी तिथलंच चांगलं असणार, असा तिनं ओव्हरसियरच्या हिशेबानं निकाल लावला आणि ती निश्चिंत झाली.

कॉलेजातलं पहिलं वर्ष सांगण्यासारखं फार नाही, आणि जे आहे ते माझ्या अंगावर येणारं आहे. निजामाच्या राज्यातलं शिक्षण, म्हणून माझं सगळं गणित उर्दूतून झालेलं. त्रिकोण मला मुसल्लस म्हणून ठाऊक, कोन म्हणजे ज़ाविया, वर्तुळ म्हणजे दायरा. फळ्यावर मास्तर इंग्रजीत बोलायचे, मी मनात त्याचं उर्दू करायचो, उत्तर यायचं ते मराठीत, आणि ते परत इंग्रजीत घालेपर्यंत मास्तर पुढच्या प्रश्नावर गेलेले असायचे. वर्गातली मुलं चांगली होती. घट्टेवाला तो मुलगा माझ्या वरच्या वर्गात होता, त्यानं मला कानस धरायला शिकवली. शेडमधलं काम मला जमलं. हात आबांच्या पसंतीचे झाले. डोकं मागे राहिलं.

उन्हाळ्यात परीक्षा झाली, तिच्यामागोमाग जमीनमोजणीचा कॅम्प लागला, म्हणून निकालापर्यंत मी तिथेच होतो. फळ्यावर यादी लागली. मी वरून वाचली, खालून वाचली, मग शेजारच्या मुलाला वाचायला लावली. माझा नंबर नव्हता. साहेबांनी बोलावून सांगितलं, की दोन विषय गेलेत, पण पुन्हा त्याच वर्गात बस, शेडमधलं काम उत्तम आहे. मी मान हलवली. पण माझ्या डोळ्यांपुढे साहेब नव्हते, आबा होते. ज्यानं पसंत केलेला बैल कधी बसला नाही, त्याला आता बाजार काय म्हणेल?

गावाकडे येताना मी ठरवलं होतं, की आबांनी बोलायच्या आत आपणच म्हणायचं, मी आता घरी राहतो. जवळा बाजारहून चालत निघालो तो घरी न जाता सरळ शेतावर गेलो. आबा लिंबाच्या सावलीत कासरा वळत बसले होते. पलीकडे एक अनोळखी, माझ्याहून थोडा मोठा तगडा माणूस बैलांना पाणी दाखवत होता.

“आबा, मी नापास झालो.”

त्यांनी मान वर केली. “बस. पानी पी.”

मी बसलो, पाणी प्यालो. ते कासरा वळतच राहिले. मग म्हणाले, “चार.”

“काय चार?”

“त्या सायबानं चार बोटं दाबली व्हती. दहातली चार.”

मला समजायला थोडा वेळ लागला. “मंजे तुमाला ठाऊक व्हतं? सहा पोरं अडकतात हे ठाऊक असून तुमी मला तिथंच टाकलं?”

“ठाऊक व्हतं म्हणून तर टाकलं. चार लोकांम्होरं बसून आपली सहा पडलेली जो कबूल करतो, तो पडलेल्या पोराला दारातून हाकलत न्हाई. हाकललं का त्यानं तुला?”

“न्हाई. परत बस म्हणाले.”

“मग?”

तरी मनात ठरवलेलं तेवढं मी बोलून टाकलं. म्हटलं, आबा, ह्या साली तरी मी राहतो. पेरणीला तुम्हाला माणूस लागेल.

आबांनी हनुवटीनं त्या तगड्या माणसाकडे दाखवलं. “तो गडी ठेवला म्या. सालानं.”

आमच्याकडे सालगड्याची बोली गुढीपाडव्याला होते. त्या दिवशी ठरलं ते वर्षभर मोडत नाही. मी मनात दिवस मोजले. पाडवा होऊन दोन महिने झाले होते. “पाडव्याला तर माझी परीक्षाबी झाली नव्हती, आबा.”

“न्हवती.”

“मी पास होईन का नापास, हेबी ठाऊक नव्हतं.”

“न्हवतं,” आबा म्हणाले. “मागल्या साली तुझी जागा मोकळी ठेवली व्हती. म्हटलं, पोरगं परत आलं तर त्याला काम पायजे. येकट्यानं पेरलं, कंबर मोडली. ह्या पाडव्याला जागा भरून टाकली. आता तुला इथं काम न्हाई.”

एवढं बोलले आणि उठून गड्याला काहीतरी सांगायला गेले. मनातलं बोलून झालं की त्यांना नेहमीच तिथून उठावंसं वाटे. मी लिंबाखाली बसून पोटभर रडलो. बैल माझ्याकडे बघत होते आणि मला त्यांची लाज वाटली नाही. चारच दिवस घरी राहिलो. त्या साली आमच्या शेतात पेरणी झाली तेव्हा मी कॉलेजात होतो, पहिल्या वर्षाच्या बाकावर, दुसऱ्यांदा.